उद्योजकाने क्रीडा संघटनेची धुरा कशी घ्यावी : जगमोहन दालमियांच्या कारकिर्दीतून एक वाटाड्या

कारखाना किंवा पेढी स्थिरस्थावर झाली आणि गावात चार लोक नावाने ओळखू लागले, की एखाद्या संध्याकाळी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेची मंडळी घरी येतात. सोबत एखादा जुना खेळाडू असतो, शाळेतले क्रीडाशिक्षक असतात, आणि चहा संपता संपता त्यांतला कोणीतरी म्हणतो, "शेठ, यंदा अध्यक्षपद तुम्हीच घ्यायचं. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकीचं आम्ही बघतो." हा होकार देण्यापूर्वी काय पाहावे आणि दिल्यावर कामाला कुठून लागावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी स्वतः बरीच वर्षे एका जिल्हा संघटनेचा मानद खजिनदार होतो. उद्योगातली कर्तबगार माणसे संघटनेत येऊन दोन वर्षांत वैतागून गेलेली मी पाहिली आहेत, आणि शांतपणे पाय रोवून खेळाचे भले केलेलीही पाहिली आहेत. दोघांच्या हुशारीत फरक नव्हता. आपल्या कारखान्यात आपण मालक असतो आणि संघटनेत दुसऱ्यांच्या मतांवर व दुसऱ्यांच्या पैशांवर विश्वस्त म्हणून बसलेले असतो, ही गोष्ट काहींना पहिल्याच महिन्यात उमगली आणि काहींना शेवटपर्यंत उमगली नाही.

उदाहरण म्हणून मी कोलकात्याचे जगमोहन दालमिया घेतो. क्लबच्या प्रतिनिधीपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंतचा सगळा जिना एका बांधकाम व्यावसायिकाने पायरी न चुकवता चढल्याचे इतके स्वच्छ दुसरे उदाहरण आपल्या देशात सापडणार नाही. शिवाय ते पडलेही, बडतर्फही झाले, आणि पुन्हा परतले. त्यामुळे काय करावे आणि काय टाळावे, हे दोन्ही त्यांच्याकडून शिकता येते.

खालच्या पायरीवरून सुरुवात करावी

दालमियांचा जन्म ३० मे १९४० रोजी कोलकात्यात एका मारवाडी कुटुंबात झाला. तरुणपणी ते क्लब क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण करत आणि सलामीला फलंदाजीला जात. पुढे ते वडिलांच्या एम. एल. दालमिया अँड कंपनी या बांधकाम पेढीत शिरले. कोलकात्याचे बिर्ला तारांगण याच पेढीने उभारले. व्यवसायात जम बसल्यावर ते थेट मोठ्या खुर्चीवर जाऊन बसले नाहीत. राजस्थान क्लबच्या वतीने ते बंगाल क्रिकेट संघटनेच्या कारभारात आले, विश्वनाथ दत्त यांच्यासारख्या मुरलेल्या प्रशासकाच्या हाताखाली शिकले, १९७९ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळात पोहोचले आणि १९८३ मध्ये मंडळाचे खजिनदार झाले.

खजिनदारपद हे या सगळ्या प्रवासाचे मर्म आहे, असे माझे ठाम मत आहे. अध्यक्षाला समारंभ दिसतो, सचिवाला पत्रव्यवहार दिसतो, पण संघटना खरोखर कशावर चालते हे खजिनदारालाच कळते. कोणत्या स्पर्धेत तोटा येतो, पंचांचे मानधन किती महिने थकते, कोणता क्लब वर्गणी भरतो आणि कोणता फक्त निवडणुकीच्या वर्षी भरतो, हे सगळे त्याच्या वहीत उमटलेले असते. म्हणून घरी आलेल्या मंडळींना नम्रपणे सांगावे, की अध्यक्षपद तूर्त राहू द्या, मला एक मुदत खजिनदार किंवा सहखजिनदार म्हणून काम करू द्या. यात मानहानी काहीच नाही. पुढे राष्ट्रीय पातळीवर जाण्याची इच्छा असेल तर हाच मार्ग आता कायद्यालाही अपेक्षित आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमानुसार राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्ष, महासचिव किंवा खजिनदार या पदांसाठी उमेदवार एकतर असामान्य गुणवत्तेचा खेळाडू असावा लागतो, नाहीतर त्याने आधी कार्यकारिणीत किंवा संलग्न संघटनेचा पदाधिकारी म्हणून काम केलेले असावे लागते. बाहेरून थेट वर उतरण्याची वाट त्यामुळे बंद झाली आहे, आणि ते योग्यच झाले.

होकार देण्यापूर्वी तीन कागद मागून घ्यावेत

पहिला कागद म्हणजे संघटनेची घटना. महाराष्ट्रातल्या बहुतेक क्रीडा संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. घटनेत सभासद कोण, मत कोणाला, गणपूर्ती किती, धनादेशावर सह्या कोणाच्या, हे लिहिलेले असते. ती सही-शिक्क्याची प्रत असावी. कोणीतरी टंकलिखित करून आणलेल्या कागदावर विसंबू नये, कारण मूळ घटना आणि वापरातली घटना यांत तफावत असल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

दुसरा कागद म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या परिशिष्ट एकचा उतारा. तिथे ज्यांची नावे आहेत तेच कागदोपत्री विश्वस्त. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, पण हे काम वर्षानुवर्षे रेंगाळते. मागच्या तीन कार्यकारिणींचे बदल अर्ज प्रलंबित असतील, तर नवा अध्यक्ष कागदावर अध्यक्षच नसतो, बँक त्याची सही स्वीकारत नाही, आणि सगळा कारभार तोंडी विश्वासावर चालू राहतो. तोंडी विश्वासाचे पुढे काय होते, ते हिशेबाच्या भागात सांगतो.

तिसरा कागद म्हणजे मतदार यादी, आणि ती नुसती चाळू नये. एकेका नावापुढे त्या क्लबचे मैदान कुठे आहे, तिथे संध्याकाळी किती मुले खेळतात आणि मागच्या हंगामात किती संघ उतरले, हे स्वतः जाऊन लिहून काढावे. व्यवसायात आपण ग्राहकाच्या दारात जातो, इथे क्लबच्या दारात जायचे. काही नावांपुढे मैदानच नाही, असे आढळेल. त्या नावांची यादी वेगळी ठेवावी, पण पहिल्याच सभेत ती फडकावू नये.

लहान मतदाराला मोठा मानावे

दालमियांचे खरे कौशल्य इथे होते. १९८३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यासाठी तेव्हाचे मंडळाध्यक्ष, नागपूरचे एन. के. पी. साळवे यांनी लॉर्ड्सवर जादा प्रवेशिका मागितल्या आणि त्या नाकारल्या गेल्या, हा किस्सा मराठी वाचकाला परिचित असेल. त्यातून विश्वचषकच इंग्लंडबाहेर आणण्याची ईर्षा पेटली, असे सांगतात. पण ईर्षेने मते मिळत नाहीत. आंतरराष्ट्रीय परिषदेत कसोटी खेळणाऱ्या देशांना प्रत्येकी दोन मते होती, तर कसोटी न खेळणाऱ्या सहयोगी देशांना एकेक. साळवे, मंडळातले पंजाबचे प्रशासक इंदरजितसिंग बिंद्रा आणि दालमिया यांनी पाकिस्तानला सोबत घेऊन, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते अशा छोट्या सहयोगी देशांना इंग्लंडपेक्षा जास्त पैशांची हमी दिली. एकेका मताची बेरीज झाली आणि १९८७ चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात आला. त्या स्पर्धेचे सामने पुण्यात, नागपुरात आणि मुंबईतही झाले. नागपुरात ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली आणि त्याच दिवशी गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक झळकावले. अंतिम सामना ८ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर झाला.

पुढे १९९६ मध्ये परिषदेच्या नेतृत्वासाठी मतदान झाले तेव्हा दालमियांना एकूण मतांत बहुमत मिळाले, पण कसोटी देशांमध्ये आवश्यक तेवढा पाठिंबा नसल्याने निकाल अडला. १९९७ मध्ये तडजोड होऊन ते अध्यक्ष झाले. त्यांनी छोट्या देशांना दिलेला शब्द पाळल्याचे दोन पुरावे आहेत. १९९८ मध्ये ढाक्यात बाद पद्धतीची स्पर्धा भरवून तिचा पैसा खेळाच्या प्रसारासाठी वळवला गेला, आणि त्यांच्या मुदतीच्या अखेरीस, जून २००० मध्ये, बांगलादेशाला कसोटी दर्जा मिळाला.

जिल्ह्याच्या पातळीवर याचा अर्थ असा, की शहरातल्या दोन-तीन बड्या क्लबांच्या मर्जीवर न राहता आडगावच्या मंडळांना काय हवे ते विचारावे. माझा अनुभव असा आहे, की त्यांना फार काही नको असते. स्पर्धेचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी हवे असते, एसटीच्या शेवटच्या गाडीपूर्वी सामना संपायला हवा असतो, आणि खेळाडूंचे प्रवासभाडे त्याच दिवशी रोख हातात हवे असते. हे तीन देणाऱ्या माणसाला ती मंडळी विसरत नाहीत. मात्र शब्द द्यायचा तो पाळता येईल एवढाच द्यावा, आणि तो संघटनेच्या ठरावातून द्यावा. स्वतःच्या खिशातून वाटलेल्या पैशांनी मिंधेपणा तयार होतो, आणि आपण गेल्यावर ती सोयही बंद पडते.

संघटनेच्या मालकीचे काय आहे, ते शोधावे

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण उद्योजकाचा खरा उपयोग संघटनेला इथे होतो. संघटनेतल्या जुन्या माणसांना खेळ कळतो, पण आपल्याकडे विकण्याजोगे काय आहे याचा त्यांनी सहसा विचार केलेला नसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय क्रिकेट मंडळाची हीच अवस्था होती. सामना दाखवणे ही दूरदर्शनची मेहेरबानी, असा समज होता आणि प्रक्षेपणासाठी दूरदर्शनलाच पैसे मोजायचे अशी उलटी रीत होती. बिंद्रा आणि दालमिया यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. सामना आपण भरवतो, मैदान आपण घेतो, खेळाडू आपले, मग त्याचे चित्र दाखवण्याचा हक्क विकण्याचा अधिकार कोणाचा?

१९९३ च्या नोव्हेंबरात बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरकमहोत्सवानिमित्त हीरो चषक भरवला आणि प्रक्षेपणाचे काम ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. सरकारी यंत्रणेने हरकत घेतली, कंपनीची सामग्री सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवली, आणि ऐन स्पर्धेत संघटनेला न्यायालयाची दारे ठोठवावी लागली. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना तेंडुलकरने चेंडू हातात घेतला आणि भारत दोन धावांनी जिंकला, ती रात्र त्याच स्पर्धेतली. त्या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी होते. प्रक्षेपण वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, असे न्यायालयाने सांगितले. एका क्रीडा संघटनेने आपला हक्क धरून ठेवल्यामुळे देशाच्या प्रसारणविषयक कायद्यालाच वळण मिळाले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, झालेल्या विश्वचषकाचे दूरचित्रवाणी हक्क वर्ल्डटेल या कंपनीने एक कोटी डॉलरला घेतले.

जिल्हा संघटनेला कोट्यवधीचे हक्क नसतात, हे खरे. पण एक दिवस कार्यालयात बसून यादी करावी. मैदानाचा भाडेपट्टा कोणाच्या नावे आहे आणि तो कधी संपतो? मैदानाच्या कुंपणावरची जाहिरातीची जागा कोणाला आणि किती वर्षांसाठी दिली आहे? स्पर्धेचे नाव नोंदलेले आहे का? मोबाईलवरून थेट प्रक्षेपण करणारा तरुण संघटनेच्या परवानगीने करतो की नुसताच येऊन तिवई लावतो? खेळाडूंची नोंदणी आणि जन्मदाखले कोणाच्या संगणकात आहेत? आमच्या यादीत निघाले की मैदानाच्या एका बाजूची भिंत एका माणसाने दहा वर्षांपूर्वी "तोंडी बोलून" घेतली होती आणि तो ती पुढे भाड्याने देत होता. भांडण न करता आम्ही त्याला ठरावाची प्रत दिली, एक हंगाम मुदत दिली, आणि पुढच्या वर्षीपासून त्या भिंतीच्या भाड्यातून मुलींच्या संघाचे वर्षभराचे बूट आले.

प्रायोजक थोडे आणि ठळक ठेवावेत

याबाबत दालमियांइतकेच अमेरिकेच्या पीटर युबेरॉथ यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. प्रवास कंपनी चालवणारे हे गृहस्थ लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकचे प्रमुख झाले, तेव्हा मॉन्ट्रिअलच्या १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि कोणतेही शहर यजमानपदाला सहजी तयार नव्हते. युबेरॉथ यांनी जुनीच मैदाने वापरली आणि प्रायोजकांची संख्या मुद्दाम कमी ठेवली. एका प्रकारच्या मालासाठी एकच कंपनी, असा नियम केला. कोडॅकने किमतीवरून घासाघीस केली तेव्हा ती जागा फुजीने पटकावली. स्पर्धेअखेर २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक राहिली. आपल्याकडच्या स्पर्धेच्या फलकावर चाळीस नावे असतात आणि एकही वाचता येत नाही. त्याऐवजी चारच नावे घ्यावीत, प्रत्येकाला लेखी करार द्यावा, आणि स्पर्धा संपल्यावर छायाचित्रांसह अहवाल द्यावा. अहवाल मिळालेला प्रायोजक पुढच्या वर्षी बोलावण्याची वाट पाहत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडेही वळता येते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, आणि ज्या कंपन्यांना हे बंधन लागू होते त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. मात्र इथे भर प्रशिक्षणावर आहे, बक्षीस समारंभावर नाही. संघटनेकडे आयकर खात्याची धर्मादाय संस्था म्हणून आणि देणगीदाराच्या करसवलतीसाठी लागणारी नोंदणी नसेल, तर पहिल्या वर्षी तेच काम हाती घ्यावे.

पेढीचा आणि संघटनेचा पैसा एका खिशात ठेवू नये

मी खजिनदार झालो त्या पहिल्याच वर्षी एका प्रायोजकाचा धनादेश संघटनेच्या खात्यात भरता येईना, कारण बदल अर्ज प्रलंबित होता आणि बँकेने खाते थांबवले होते. स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. एका पदाधिकाऱ्याने चांगल्या हेतूने तो पैसा आपल्या दुकानाच्या खात्यात घेतला आणि मंडप, पंच, जेवण यांची बिले तिथूनच चुकवली. पै न पै खर्च झाली होती, मी स्वतः पावत्या पाहिल्या होत्या. तरीही तीन वर्षांनी निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध तेच प्रकरण निघाले, आणि त्यांना सर्वसाधारण सभेत उभे राहून दुकानाच्या खतावणीची पाने वाचून दाखवावी लागली. साठीचा माणूस थरथरत्या हाताने आकडे वाचत होता आणि मागे कोणीतरी हसत होते. त्या दिवशी मी नियम केला की खाते बंद असेल तर स्पर्धा पुढे ढकलायची, पण पैसा दुसरीकडे घ्यायचा नाही. हा नियम मी कधी मोडला नाही.

दालमियांची सर्वांत मोठी हानी याच दाराने झाली. १९९६ च्या विश्वचषकाच्या संयोजन समितीचे ते निमंत्रक होते आणि त्या स्पर्धेचा हिशेब कोलकात्यात होता. २००४ मध्ये मंडळाच्या निवडणुकीत अध्यक्ष म्हणून त्यांनी दिलेल्या निर्णायक मतामुळे शरद पवार यांचा दालमिया गटाचे उमेदवार रणबीरसिंग महेंद्र यांच्याकडून पराभव झाला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, पवार २० विरुद्ध ११ मतांनी विजयी झाले. सत्ता बदलली आणि दहा वर्षांपूर्वीच्या विश्वचषकाच्या पैशांचा गैरवापर झाल्याचा व कागदपत्रे न दिल्याचा आरोप ठेवून डिसेंबर २००६ मध्ये मंडळाने त्यांना बडतर्फ केले. त्यांनी आरोप नाकारले, ते न्यायालयात गेले, तिथे त्यांना दिलासा मिळाला, आणि २०१० मध्ये मंडळाने बडतर्फी मागे घेतली. पण आयुष्यातली ती चार वर्षे परत आली नाहीत. यातून घ्यायचा धडा असा, की प्रत्येक स्पर्धेचा हिशेब तीन महिन्यांत लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा, तो सर्वसाधारण सभेत मंजूर करून इतिवृत्तात नोंदवावा, आणि मूळ कागद संघटनेच्या कपाटात जमा करून त्याची पोच घ्यावी. आपण सत्तेवर असताना जे सहज होते, ते पायउतार झाल्यावर कोणी करू देत नाही.

याच्याच जोडीला हितसंबंधांचा प्रश्न येतो. आपली पेढी मंडपाची असेल, छपाईची असेल किंवा बांधकामाची असेल, तर संघटनेचे काम तिला देऊ नये, ते सगळ्यांत स्वस्त पडत असले तरीही. क्रिकेट मंडळाच्या नियम ६.२.४ नुसार पदाधिकाऱ्याला मंडळाच्या कारभारात व्यापारी हितसंबंध ठेवता येत नसे. २००८ मध्ये त्यात बदल करून आयपीएलला सूट दिली गेली. मंडळाचे पदाधिकारी एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ होता. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूटच रद्द ठरवली आणि हितसंबंध सोडेपर्यंत निवडणूक लढवण्यास मनाई केली. म्हणजे नियम आपल्या सोयीने बदलून घेतला तरी प्रश्न मिटत नाही. पद घेतानाच आपल्या सर्व व्यवसायांची आणि जवळच्या नातेवाइकांच्या व्यवसायांची लेखी यादी सचिवाकडे द्यावी, आणि तसा विषय सभेत आला की उठून बाहेर जावे. आपण बाहेर गेलो हे इतिवृत्तात लिहिले गेले आहे की नाही, तेही नंतर पाहावे.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर असावे

उद्योजकाला काम सोपवण्याची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. पण मोठ्या स्पर्धेच्या दिवशी अध्यक्षाने व्यासपीठावरून खाली उतरायला हवे. ११ फेब्रुवारी १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उद्घाटनाला लेझरचा देखावा ठेवला होता. वाऱ्याने पडदा इतका फडफडत राहिला, की त्यावर चित्र उमटेचना आणि जगासमोर फजिती झाली. ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी, त्याच जागी, आदल्या दिवशी रंगीत तालीम घ्यायची, ही सवय मला त्या प्रसंगावरून लागली. ध्वनिक्षेपक, दिवे, नाणेफेकीची जागा, रुग्णवाहिकेचा रस्ता, सगळे त्याच तासाला पाहावे.

याउलट प्रसंग फेब्रुवारी १९९९ चा. ईडनवर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत तेंडुलकर शोएब अख्तरला आदळून धावबाद झाला आणि प्रेक्षक खवळले, मैदानात बाटल्या पडू लागल्या. दालमिया तेव्हा आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. ते तेंडुलकरला घेऊन सीमारेषेच्या कडेने चालत गेले आणि लोकांना शांत होण्याची विनंती करत राहिले. त्या दिवशी खेळ पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गडबड झाली आणि शेवटी स्टेडियम रिकामे करून सामना पुरा करावा लागला, हेही खरे. पण पदाचा मान बाजूला ठेवून जमावासमोर जाणारा प्रशासक मला आदराचा वाटतो. गावच्या मैदानावर पंचाच्या निर्णयावरून दोन गाव समोरासमोर आले, तर अध्यक्षाने मध्ये जाऊन उभे राहावे. तिथे मोठ्या आवाजाची गरज नसते, ओळखीच्या चेहऱ्याची असते, आणि ती ओळख मतदार यादी घेऊन फिरताना झालेली असते.

मुदत आधीच मोजून ठेवावी

क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये स्वीकारल्यापासून क्रिकेटमध्ये वयाची ७० वर्षांची मर्यादा आणि सक्तीची विश्रांती आली. सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने राज्य संघटनेत किंवा मंडळात सलग सहा वर्षे झाल्यावर त्या पातळीवर तीन वर्षे बाजूला बसावे, असे ठरले. नव्या क्रीडा प्रशासन अधिनियमात राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असावेत, असे आहे. जिल्हा संघटनेला हे शब्दशः लागू असो वा नसो, आपल्या घटनेत असे बदल आधीच करून घ्यावेत. महिला सदस्य केवळ नावापुरत्या घेऊ नयेत. आमच्याकडे एक माजी खो-खोपटू सहसचिव झाल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी मैदानावर मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली नाही हे सभेत मांडले. एवढी वर्षे आम्हा पुरुषांपैकी कोणाच्याच ते लक्षात आले नव्हते.

दालमिया २०१३ मध्ये श्रीनिवासन बाजूला झाल्यावर मंडळाचे हंगामी प्रमुख झाले, मार्च २०१५ मध्ये पुन्हा अध्यक्ष निवडले गेले, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. बंगाल संघटनेची सूत्रे सौरव गांगुलीकडे गेली. पद असतानाच काही बरेवाईट होऊ शकते, हे धरून दप्तर नेहमी सुपूर्त करण्याच्या स्थितीत ठेवावे. त्यासाठी दरवर्षी ३१ मार्चला एक कागद तयार करावा आणि त्यावर अध्यक्ष, सचिव व खजिनदार अशा तिघांच्या सह्या असाव्यात. त्यात बँकेची सर्व खाती आणि त्यांतली शिल्लक, मुदत ठेवींच्या पावत्यांचे क्रमांक, धनादेशपुस्तकातला न वापरलेला पहिला क्रमांक, शेवटच्या पावतीपुस्तकातली शेवटची पावती, भाडेपट्टा आणि करार कोणत्या कपाटात आहेत, प्रलंबित बदल अर्जांचे क्रमांक, संगणकाचे आणि संकेतस्थळाचे परवलीचे शब्द बंद लिफाफ्यात, कार्यालयाच्या किती किल्ल्या आहेत आणि त्या कोणाकडे आहेत, मैदानावरच्या रोलरपासून जाळ्यांपर्यंतच्या सामानाची यादी, आणि कोणाचे किती देणे बाकी आहे, हे सगळे यावे. आमच्या संघटनेत हा कागद आता अकरा पानांचा होतो. नव्या खजिनदाराला मी तो दिला तेव्हा त्याने सगळ्या किल्ल्या एकेक करून कुलपांना लावून पाहिल्या आणि मगच पोचपावतीवर सही केली.